दिलेल्या घराचा मालक

पुनावळे येथील एका नव्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर गतवर्षी आम्ही घराला आशीर्वाद देण्यास गेलो होतो. भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे यंत्रावर उभे राहून निवृत्त झालेले गृहस्थ व त्यांच्या पत्नी यांचे ते दुसरे घर. राहते घर पिंपरीस; हे मात्र भविष्य निर्वाह निधीची रक्कम आणि बँकेचे कर्ज मिळून घेतलेले. उतारवयात औषधपाण्यासाठी मुलांपुढे हात पसरावा लागू नये, भाड्यावर भागावे, एवढाच हेतू. प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडून झाले, दिवाणखान्याच्या भिंतीवर लहानसा क्रूस लावण्यात आला. चहा होताच गृहस्थांनी पिशवीतून कागदांची एक चळत काढून आमच्यासमोर ठेवली. एजंटाने धाडलेला तो भाडेकराराचा मसुदा होता. "फादर, यावरही दोन थेंब शिंपडा," असे ते हसत म्हणाले. त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. चष्मा लावून एका कलमावर बोट ठेवीत त्यांनी विचारले, "यात लिहिलंय की घराचा ताबा कायम आमच्याकडेच राहणार. मग त्या मुलांना आम्ही देतोय तरी काय?"

धर्मशिक्षणाच्या वर्गात इतका नेमका प्रश्न आम्हांला क्वचितच कोणी विचारला असेल. त्या दिवशी आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. नंतर तो मसुदा मागवून घेऊन दोन-तीनदा वाचला. आज आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे 'घरमालक' झाली आहेत. दोन पिढ्यांपूर्वी नगर जिल्ह्यातून, जालन्याकडून, गोव्याहून वा मंगळुरूहून ही कुटुंबे आली, तेव्हा ती चाळीतील एका खोलीत भाड्याने राहिली. आता वाकड, पुनावळे, रावेत येथे त्यांचे स्वतःचे भाडेकरू आहेत. बाजू बदलली की दृष्टीही बदलते. म्हणून त्या बाईंच्या प्रश्नाचा विचार येथे थोडा विस्ताराने करीत आहोत.

प्रथम कागद म्हणजे काय ते पाहू. आपण बोलताना सरसकट 'भाडेकरार' म्हणतो, परंतु कायद्याच्या लेखी दोन भिन्न गोष्टी आहेत. भाडेपट्टा हा 1882 सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील प्रकार. त्यात ठरावीक काळापुरता का होईना, त्या जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. दुसरा प्रकार 'लिव्ह अँड लायसन्स'. त्याची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात आहे. त्यात हक्क जात नाही, मिळते ती केवळ परवानगी. ती नसती तर जे अतिक्रमण ठरले असते, ते परवानगीमुळे अतिक्रमण ठरत नाही, इतकेच. पुनावळ्यातील तो मसुदा दुसऱ्या प्रकारचा होता, आणि आज शहरात होणारे राहत्या घरांचे बहुतेक करार त्याच प्रकारचे असतात. म्हणजे कायद्याचे उत्तर असे की, बाई, तुम्ही त्या मुलांना काहीही देत नाही. फक्त हरकत घेत नाही.

हे ऐकण्यास कोरडे वाटते, पण त्यामागे मोठे भय दडले आहे. ते समजून घेतल्याशिवाय घरमालकास उपदेश करणे अन्यायाचे होईल. पुनावळे 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. तोवर ते पवनेकाठचे शेतीचे गाव. गावातल्या वृद्धांना कूळकायदा अद्याप आठवतो. 1948 सालच्या त्या कायद्याने आणि पुढे 1 एप्रिल 1957 या दिवसाने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक केले. भूमिहीनांच्या दृष्टीने तो न्यायच होता, याविषयी आम्हांला शंका नाही. पण ज्याची दोन एकरच जमीन होती, त्याच्या मनात 'दिली की गेली' हे वाक्य तेव्हापासून कायमचे कोरले गेले. (आपल्या भाषेत 'कूळ' या एकाच शब्दाने घराणेही सांगितले जाते आणि जमीन कसणारा भाडेकरीही. या योगायोगावर एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने लिहावयास हवे.) हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी त्या परिसरात 'खंडकरी' हा शब्द ऐकलाच असेल. तेथील शेतकऱ्यांच्या जमिनी एकेकाळी साखर कारखान्यांकडे खंडाने गेल्या. 1961 सालच्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या कारखान्यांकडून शासनाकडे व शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालकांच्या वारसांना त्यांचे वाटप 2012 साली सुरू झाले, तोवर नातवंडांचे केस पांढरे होत आले होते.

शहरातही तेच. 1947 सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. फाळणीच्या व टंचाईच्या त्या काळात गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे वाचले. पण काळ गेला, कायदा तसाच राहिला. 1973 सालच्या दुरुस्तीने तर त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला जे केवळ परवानगीने राहत होते, त्यांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. गोठलेल्या भाड्याची ती तरतूद आता वाजवी राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली म्हटले, आणि 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999 अमलात आला. या कायद्याच्या कलम 24 नुसार परवानगीची मुदत संपताच राहणाऱ्याने घर परत करावयाचे असते. न केल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि घर सुटेपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागावी. एवढा भरवसा मिळाल्यामुळेच पुनावळ्यासारख्या ठिकाणी निवृत्त कामगारही घर भाड्याने देण्याचे धाडस करतो. तेव्हा 'ताबा आमच्याकडेच राहणार' या कलमाला केवळ लोभाचे कलम म्हणणे आम्हांला मान्य नाही. त्यात तीन पिढ्यांचे भय आहे.

येथे आम्हांला एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, अन्य एका धर्मग्रामात असताना, एक विधवा भगिनी सल्ला विचारण्यास आल्या होत्या. घरामागच्या दोन खोल्या ओळखीच्या एका कुटुंबास द्यावयाच्या होत्या. करार करावा का, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "दोघेही एकाच वेदीसमोर येता, शब्द पुरेसा आहे." ते वाक्य उच्चारताना आम्हांला मोठे समाधान वाटले होते. दीड वर्षाने भाड्याच्या आकड्यावरून वाद झाला. बाई म्हणत चार हजार ठरले होते, तो गृहस्थ म्हणे अडीच हजार, आणि विजेचे बिल त्यातच. तेव्हा आम्हांला कळले की कलम 55 प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. कागदच नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या बाईंनी वर्षभर अडीच हजारच घेतले, मुलीचे शिक्षण एक वर्ष लांबले आणि दोन्ही कुटुंबे वेगवेगळ्या मिस्सांना येऊ लागली. तो गृहस्थ खोटे बोलत होता असेही आम्ही आज छातीठोक सांगू शकणार नाही. दोघांच्याही आठवणीत वेगळे आकडे असू शकतात. आमच्या धार्मिक वाक्याने दोघांनाही उघड्यावर टाकले होते.

त्यानंतर आम्ही यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय नव्याने वाचला. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे, यिर्मया स्वतः पहाऱ्यात कोंडलेला आहे, आणि अशा वेळी तो आपल्या चुलतभावाकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल चांदीला विकत घेतो. कसे घेतो? साक्षीदार बोलावून, चांदी तोलून, खरेदीखताच्या दोन प्रती करून. एक मोहोरबंद, दुसरी उघडी. बारूखाला तो सांगतो की दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. देवाच्या वचनावर ज्याचा इतका भरवसा, तो माणूस कागदाची हेळसांड करीत नाही. सेमिनरीत हा उतारा आम्हांला आशेचे प्रतीक म्हणून शिकविला गेला होता. दुय्यम निबंधकाच्या कचेरीशी त्याचा काही संबंध असेल असे तेव्हा सुचले नव्हते.

म्हणून आता कोणी विचारल्यास आम्ही प्रथम नोंदणी करावयास सांगतो. वीस हजार रुपये भाडे व एक लाख अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारास मुद्रांक शुल्क पाव टक्का दराने पाचशे-सहाशे रुपयांच्या घरात येते. त्यावर महापालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी फी. आधारच्या अंगठ्यावर हे काम घरबसल्याही होते. अकरा महिन्यांचा आकडा हा जुन्या काळचा अवशेष आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास नोंदणी सक्तीची होती, ती चुकविण्यासाठी लोकांनी तो शोधला. आज महाराष्ट्रात नोंदणी कोणत्याही मुदतीस लागते, त्यामुळे त्या आकड्याने काहीच चुकत नाही. रूढी म्हणून तो राहिला आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी, सोसायटीस प्रत द्यावी, हेही ओघाने आलेच.

परंतु कागद पक्का झाला म्हणजे प्रश्न संपला नाही. आमच्या मते तो तेथून सुरू होतो. आपल्या दस्तऐवजांत एक जुनी शब्दजोडी आहे, 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. घराच्या करारात लिहून देणारा मालकच असतो, आणि मजकूरही बहुधा त्याच्याच बाजूचा असतो. मुलाखतीहून परस्पर आलेला, हिंजवडीत सोमवारी रुजू व्हावयाचे असलेला तरुण बावीस कलमे वाचून त्यांतील सहा बदलून मागेल, हे संभवत नाही. तो सही करतो. अशा वेळी 'त्याने सही केली आहे' हा युक्तिवाद न्यायालयात चालेल, प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी चालेल का, याचा विचार प्रत्येकाने करावा. पोप तेरावे लिओ यांनी 1891 सालच्या 'रेरम नोव्हारम' या पत्रात मजुरीविषयी हेच सांगितले होते. गरजेपोटी मान्य केलेली मजुरी केवळ मान्य केल्यामुळे न्याय्य ठरत नाही. त्याच पत्रात खासगी मालमत्तेच्या हक्काचेही ठाम समर्थन आहे. दोन्ही एकाच पत्रात आहेत, हे आपण विसरतो.

त्या मसुद्यात एक कलम असे होते की मालकास वा त्याच्या माणसास 'कधीही' घराची पाहणी करता येईल. आम्ही त्या दांपत्यास अनुवादाच्या पुस्तकातील चोविसावा अध्याय दाखविला. तेथे मोशेचा नियम आहे. उसने दिलेल्याने गहाण वस्तू घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, वस्तू त्यानेच बाहेर आणून द्यावी. आणि तो गरीब असून गहाण पांघरूणच असेल, तर सूर्यास्तापूर्वी ते परत करावे. देणे बाकी आहे, हक्क निर्विवाद आहे, तरीही धनको उंबरठ्याबाहेर उभा! घरमालकाचे उत्तर यावर असे येईल की ऋणकोचे घर ऋणकोचे होते, हे घर तर माझेच आहे. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु भिंती तुमच्या असल्या तरी त्या भिंतींच्या आत आज कोणाचे भांडण, कोणाचे आजारपण, कोणाची प्रार्थना चालली आहे? ज्याच्या मोबदल्यात दरमहा वीस हजार घेतले जातात, ते सिमेंट नव्हे. दार लावून घेण्याची मोकळीक आहे. ती देऊन पुन्हा किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे म्हणजे विकलेल्या दुधात पाणी घालणे होय. आमच्या मते त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर हेच. कायदा म्हणतो तुम्ही परवानगी दिली. प्रत्यक्षात तुम्ही त्यांना एक दार दिले आहे.

अनामतीची गोष्ट गहाण पांघरुणासारखीच आहे. आमच्या भागात सर्वांत अधिक कटुता तिच्यामुळे येते. घर सोडताना रंगाचे वीस हजार, नळाचे दोन, 'साफसफाई'चे तीन, असे कापून उरलेली रक्कम 'पुढच्या महिन्यात' देण्याचे आश्वासन मिळते. त्या रकमेवर त्या मुलाच्या पुढच्या घराची अनामत अवलंबून असते. केंद्राने 2021 साली राज्यांसाठी जो आदर्श भाडे कायदा तयार केला, त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे सुचविले आहे. पण मर्यादा पाळली तरी परत करण्याची दानत कायद्याने येत नाही. आम्ही सुचविले की घर देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे दोघांनी मिळून घ्यावीत आणि किल्ली परत मिळेल त्याच दिवशी हिशेब पुरा करावा. वापराने रंग फिका पडणे हे नुकसान नव्हे. त्याचे भाडे घेऊन झालेले असते.

आता अवघड प्रसंग. भाडेकरूची नोकरी गेली, तीन महिने भाडे थकले. इकडे मालकाचा बँकेचा हप्ता थांबत नाही, कदाचित डायलिसिसही थांबत नाही. 2020 सालच्या टाळेबंदीत हा प्रसंग घरोघरी आला. त्या वर्षी 17 एप्रिल रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, भाडे थकले म्हणून कोणास घराबाहेर काढू नये. चाकण-भोसरीच्या पट्ट्यातून पायी निघालेले मजूर त्या दिवसांत आपण सर्वांनी पाहिले. काही मालकांनी दोन महिन्यांचे भाडे सोडून दिले. काहींनी पाणी तोडले; भाडेकरूचे पाणी-वीज सबळ कारणाविना तोडणे हा कलम 29 प्रमाणे गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून तोडले. पण तिसराही एक वर्ग होता, ज्याची दखल कोणी घेतली नाही. भाडे हेच ज्यांचे निवृत्तिवेतन, अशी वृद्ध माणसे. त्यांनी भाडे मागितले की आम्हीच त्यांना दयेवर प्रवचन द्यायचो.

दुसऱ्याच्या भाड्यातून दया करावयास सांगणे सोपे असते. संत थॉमस अक्वायनास सांगतात की वस्तू स्वतःची म्हणून सांभाळण्याचा माणसाला अधिकार आहे, पण वापराच्या बाबतीत त्याने ती सर्वांची समजून गरजवंताच्या उपयोगी पडू द्यावी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1987 सालच्या आपल्या पत्रात खासगी मालमत्तेवर एक 'सामाजिक गहाण' असते असे म्हटले. पुनावळ्यातील त्या घरावर बँकेचे गहाण होतेच, हे दुसरे. पण त्याचा हप्ता एकट्या घरमालकाने का भरावा? आमचे मत असे की मालकाने स्वतःची चूल चालू राहील इतपत थांबावे, थकबाकीचे हप्ते बांधून द्यावेत, कुलूप बदलू नये, आणि तरीही जमत नसेल तर निःशंक मनाने कायद्याचा मार्ग धरावा. त्यापलीकडची दया ही धर्मग्रामाची जबाबदारी आहे. आमच्याकडील संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेने त्या काळात रेशन वाटले. एखाद्या कुटुंबाचे दोन महिन्यांचे भाडे थेट मालकाच्या हाती द्यावे, म्हणजे दोन घरे वाचतील, हे आम्हांला तेव्हा सुचावयास हवे होते.

आणखी एक गोष्ट लिहावयाची नव्हती, पण लिहितो. आमच्या वडीलधाऱ्यांना 'तुम्ही मांस खाता' किंवा 'तुम्ही ख्रिस्ती' म्हणून घरे नाकारली गेली. ते दुःख ते अजून सांगतात. आता आमच्याच कुटुंबांकडून आम्हांस विचारणा होते, "फादर, एखादे चांगले ख्रिस्ती कुटुंबच सुचवा, अमुक धर्माचे नकोत, तमुक प्रांताचे नकोत, एकट्या मुली नकोत." आम्ही सुचवीत नाही. संत पौल रोममध्ये पूर्ण दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला, असे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अखेरीस लिहिले आहे. परका माणूस, खटला चालू, सोबत पहाऱ्यावर एक शिपाई, आणि दिवसभर लोकांची ये-जा. आजच्या कोणत्या सोसायटीने त्याला ना-हरकत पत्र दिले असते, ते वाचकांनीच ठरवावे. कोणा एका रोमन घरमालकाने मात्र त्याला घर दिले. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

त्या दांपत्याने मसुद्यात चार बदल केले. पाहणीपूर्वी एक दिवस आधी कळवावयाचे, अनामत किल्लीबरोबर परत, दोन्ही बाजूंना एक महिन्याची सूचना सारखीच. चौथा बदल 'भिंतींना खिळे ठोकू नयेत' या कलमासंबंधी होता. त्यावर पतिपत्नींत बराच वाद झाला आणि शेवटी 'असलेले खिळे वापरावेत' असे ठरले. नांदेडकडील एक तरुण जोडपे राहावयास आले. येण्याआधी गृहस्थांनी भिंतीवरचा क्रूस उतरवून पिंपरीस नेला.

महिन्याभराने त्या बाईंचा फोन आला. भाड्याचा धनादेश घेण्यासाठी त्या गेल्या होत्या, आदल्या दिवशी कळवून. क्रूसाच्या खिळ्यावर त्या मुलीने विठोबाची तसबीर लावली होती.

"फादर, आशीर्वाद केलेलं घर आहे, चालेल ना?"

खिळा मजबूत आहे ना, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, यांनीच ठोकलाय, हलायचा नाही.